सीएचबीवर शिकवायला लागताय? आधी फाइल करा

जून-जुलैत पुण्यातल्या कॉलेजांच्या जाहिराती यायला लागल्या की ओळखीतल्या पोरापोरींचे फोन सुरू होतात, मॅडम सीएचबी घेऊ का, परवडेल का. सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस, तासाप्रमाणे पैसे मिळणारी कॉलेजातली तात्पुरती नेमणूक. नाही परवडणार, हे आधीच सांगते. अनुदानित कॉलेज असेल तर बिल कॉलेजातून सरकारच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात जातं, मग पैसे येतात, त्यात महिनेच्या महिने जातात, आणि विनाअनुदानित तुकडी असेल तर सगळं संस्थेच्या मर्जीवर. घरभाडं दुसऱ्या कशातून तरी भागत असेल तरच या. पण सेट-नेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, झालंय आणि शिकवायला मनापासून आवडतंय तर घाबरूही नका, वर्गाची भीती महिन्याभरात जाते, सगळ्यांचीच जाते.

रेट विचारताना तो किती मिनिटांचा तेही विचारा. कॉलेजात तास असतो 48 मिनिटांचा. 60 मिनिटांना 625 धरले तर 48 मिनिटांचे 500 होतात, आणि हे पहिलं बिल हातात आल्यावर कळलं की फार चिडचिड होते.

आता मुद्द्याचं. नेमणूकपत्र मिळालं म्हणजे झालं असं अजिबात समजू नका. जाहिरात, निवड समिती, नेमणूक हे सगळं झाल्यावर कॉलेजने विद्यापीठाकडे तुमच्या मान्यतेचा प्रस्ताव पाठवायचा असतो, आणि तिकडून मान्यतापत्र यावं लागतं. तेही त्या वर्षापुरतंच, पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून. एका कॉलेजात मला वर्षभर "प्रस्ताव गेलाय मॅडम, येईल" हेच ऐकवलं. तो गेलाच नव्हता. कळलं कधी, तर दुसरीकडे पूर्णवेळ जागेच्या छाननीला. समोरच्या गृहस्थांनी अनुभव प्रमाणपत्र उलटसुलट करून बघितलं, प्राचार्यांची सही, गोल शिक्का, जावक क्रमांक, सगळं जागच्या जागी, तरी पेन्सिलने समासात बारीकशी फुली मारली आणि म्हणाले, "मान्यतापत्र कुठंय?" झालं, त्या वर्षाचे मार्क गेले. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत कॉलेजच्या जागांच्या छाननीसाठी जो तक्ता आहे त्यात अनुभवाच्या एका वर्षाला 2 मार्क, जास्तीत जास्त 10. दोनच तर आहेत असं वाटेल, पण त्याच तक्त्यात सेटला 5 आणि नेटला 8 आहेत, म्हणजे बघा.

म्हणून गणपतीच्या आत ऑफिसात जाऊन प्रस्तावाची प्रत मागा, आणि नुसती प्रत नाही, विद्यापीठाच्या आवक शिक्क्याची प्रत. "पाठवू की" म्हणाले तर आठवड्याने परत जा, लाजू नका. त्याच फाइलमध्ये जाहिरातीचं कात्रण, नेमणूकपत्र, वेळापत्रक, दर महिन्याच्या बिलाची झेरॉक्स, पेपर तपासणीला बोलावलं असेल तर ते पत्र. बिलातून टीडीएस (आयकर) कापला असेल तर 26एएस, म्हणजे आयकराच्या साइटवरचा कपातीचा तक्ता, पण डाउनलोड करून ठेवा, कॉलेजने कधी किती दिले ते त्यात दिसतं आणि ते कुणाला नाकारता येत नाही. प्रमाणपत्रावर "अतिथी व्याख्याता" असं लिहून देत असतील तर तिथल्या तिथे हरकत घ्या, कारण पुढे पदोन्नतीसाठी मागची सेवा धरताना ती नेमणूक यूजीसी धरतच नाही.

मार्गदर्शक कोण करावा? माझं मत विचाराल तर आस्थापना विभागातले क्लार्क. विभागप्रमुख गोड बोलतात, "आपलंच घर समजा" म्हणत नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइली गळ्यात मारतात. एखादं काम करा, नाहीतर वाईट दिसतं, पण सगळी नको.

रिसर्च पेपर छापण्याच्या जाहिराती व्हॉट्सअॅपवर येतीलच, तीन दिवसांत प्रकाशन, सर्टिफिकेटसकट. नका देऊ पैसे. यूजीसी केअरची, म्हणजे मान्य जर्नलांची, यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली, तरी "केअर लिस्टेड" म्हणून विकणारे आहेतच.

शिकवायची तयारी मात्र फुकटात होते. आधी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचा पॅटर्न बघा, 2019 चा की 2024 चा, कारण गेल्या वर्षीच्या सरांच्या नोट्स आयत्या मिळतात आणि निम्मा अभ्यासक्रम बदललेला असतो. स्वयम आणि एनपीटीईएलचे ऑनलाइन कोर्स सगळ्यांना माहितीयेत, पण एमएच्या तासांना मला ई-पीजी पाठशाला ही साइट जास्त कामाला आली, युनिटवार मजकूर मिळतो. संदर्भासाठी शोधगंगा या साइटवरचे पीएचडीचे प्रबंध चाळा, मराठीतलेही बरेच आहेत. माझा विषय अर्थशास्त्र, वर्ग मराठी माध्यमाचा, त्यामुळे मराठी शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश, दोन्ही ऑनलाइन आहेत. आणि आकड्यांसाठी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी, दरवर्षी बजेटच्या आधी येते, मराठीत पीडीएफ मिळते. पुस्तकातली दहा वर्षं जुनी आकडेवारी फळ्यावर लिहिण्यापेक्षा त्यातला आपल्या जिल्ह्याचा तक्ता दाखवा, जुन्नर-इंदापूरकडून आलेली मागच्या बाकावरची पोरं तेवढ्यापुरती मोबाइल खाली ठेवतात. डेक्कनला गोखले इन्स्टिट्यूटमध्ये धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे, जुने अहवाल लागले तर तिथे चौकशी करा.

दोन कॉलेजं एकत्र धरायची असतील तर सकाळी हडपसर आणि अकराला शिवाजीनगर असलं वेळापत्रक घेऊ नका. पीएमपीच्या बसने ते जमत नाही, टू-व्हीलरनेही पावसाळ्यात नाही.