कमी पैशात रोड बाईक घेताय? या चुका टाळा

कापसाचे पैसे हातात आले की दरवर्षी विचारणा सुरू होते. कोणाला भरतीच्या तयारीसाठी दम वाढवायचा असतो, कोणाला अमरावती-नागपूरकडच्या दोनशे किलोमीटरच्या बीआरएममध्ये (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) उतरायचं असतं, कोणाला नोकरीच्या गावाला सायकलने जायचं असतं. प्रश्न ठरलेला: "भाऊ, पंचवीस-तीस हजारात रोड बाईक कोणती घेऊ?"

रोड बाईक म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगात पळवायची, खाली वाकलेल्या हँडलची सायकल. मी उलट विचारतो: तुमच्या गावाहून या सायकलीची ट्यूब मिळेल असं सगळ्यात जवळचं दुकान किती लांब आहे? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. कंपनी, रंग आणि वजन पाठ असतं, पण घाटंजीत किंवा मेहकरात बसून पंक्चर झालं तर काय करायचं हे माहीत नसतं. पुण्यातल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, म्हणून तिकडच्या व्हिडिओत त्याचं उत्तरही नसतं. आपल्याला मात्र सायकल निवडायची ती याच प्रश्नापासून.

सगळा पैसा सायकलीतच घालणे

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे आणि नुकसानही हीच सगळ्यात जास्त करते. तीस हजार असले की पोरं साडेएकोणतीसची सायकल घेतात. पंप नाही, जादा ट्यूब नाही, हेल्मेट नाही. "ते पाहू मंग," म्हणतात. पहिल्याच आठवड्यात रस्त्याच्या कडेचा सराटा टायरमध्ये शिरतो आणि नवी सायकल पडवीत उभी राहते.

गावच्या दुकानात तिचं पंक्चर का निघत नाही, हे नीट समजून घ्या. आपल्या काळ्या सायकलीचा व्हॉल्व्ह वेगळा, मोटरसायकलचा वेगळा आणि रोड बाईकचा त्याहून वेगळा. रोड बाईकच्या व्हॉल्व्हला प्रेस्टा म्हणतात. तो बारीक आणि लांब असतो, वर एक छोटी चकती असते. ती आधी ढिली करावी लागते, तरच हवा आत जाते. मोटरसायकलच्या कॉम्प्रेसरचं तोंड त्यावर बसत नाही. दुकानदाराने पक्कड लावून ओढलं की आतली सळी वाकते आणि ट्यूब गेली. दोष त्याचा नाही, ही वस्तू त्याच्यासमोर कधी आलेलीच नसते.

मग दुकानदार म्हणतो, "अठ्ठावीसची ट्यूब-टायर टाकून देतो." ते कधीच टाकू देऊ नका. रोड बाईकचं चाक ७००सी असतं, त्याच्या रिमचं टायर बसायचं माप ६२२ मिलिमीटर. काळ्या सायकलीच्या २८ इंची चाकाचं हेच माप ६३५. तेरा मिलिमीटरचा फरक, म्हणजे टायर रिमवर सैल राहतो आणि हवा भरताना निघून येतो. मोटरसायकलच्या जातीचा जाड व्हॉल्व्ह असलेली ट्यूबही बसत नाही, कारण प्रेस्टाचं छिद्र साडेसहा मिलिमीटरचं आणि जाड व्हॉल्व्हला साडेआठचं लागतं. काही जण ड्रिल मारून छिद्र मोठं करून घेतात. बारीक रिमवर हा जुगाड केला की ती त्याच जागी कमजोर होते. पंक्चरच्या घाईपोटी हे करू नका.

हवेचंही असंच आहे. पासष्ट-सत्तर किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये साधारण सत्तर ते ऐंशी पीएसआय हवा लागते. दुकानदाराचा हात मोटरसायकलच्या सवयीने तीस-पस्तीसला थांबतो. तेवढ्या हवेवर सिमेंट रोडच्या तुटलेल्या काठावरून चाक गेलं की ट्यूब रिमच्या दोन्ही कडांमध्ये चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूब बाहेर काढल्यावर अशी जोडी दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून तीस हजार असतील तर सायकल पंचवीसपर्यंतचीच बघा. उरलेल्यात हवेचा दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप, दोन ट्यूब, टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, पंक्चरचं पाकीट, एलन की चा संच, हेल्मेट आणि मागचा लाल दिवा घ्या. शिवाय प्रेस्टावर बसणारी पितळी टोपी घ्या. ती थोड्याच पैशात मिळते, मग कोणत्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. मी ती व्हॉल्व्हवरच घट्ट करून ठेवतो, खिशातली हरवते. आणि पंक्चर स्वतः काढायला शिका. अंगणात बसून चाक काढणं, ट्यूब बदलणं आणि चाक परत बसवणं जमेपर्यंत गावाबाहेर लांब जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

टायरची जाडी न विचारणे

रोड बाईक म्हणजे बारीक टायर, असं डोक्यात बसलेलं असतं. आपले रस्ते बघा. अमरावती-अकोला महामार्गाचं डांबरीकरण २०२२ मध्ये गिनीज विक्रमात गेलं, पण त्या रस्त्याला लागेपर्यंतचे दहा-बारा किलोमीटर कसे आहेत? पावसाळ्यात ट्रॅक्टर शेतातून काळी माती घेऊन डांबरावर येतात. ती ओली माती चिमटा (पुढचं चाक धरणारा फाटा) आणि टायरच्या मधे भरली की चाक फिरायचंच थांबतं. २३ किंवा २५ चे टायर आणि वर जेमतेम बोटभर जागा, अशी सायकल जुलैत खांद्यावर घ्यावी लागते. दुकानात एकच प्रश्न विचारा: यात ३२ चा टायर बसतो का? बसत असेल तर ती आपल्याकडची सायकल. नसेल तर किमान २८ चा तरी बसला पाहिजे.

समृद्धी महामार्ग डोळ्यासमोर ठेवून सायकल घेणारेही भेटतात. त्या रस्त्यावर सायकलला परवानगी नाही.

स्वस्त मिळाली म्हणून मापाची नसलेली सायकल घेणे

दारव्ह्याकडचा एक पोट्टा, उंची पाच फूट चार इंच. त्याने पुण्याहून जुनी रोड बाईक मागवली, ५८ मापाची. फोटोत चकाचक, किंमत नव्याच्या निम्मी. मी माप विचारलं तेव्हा पैसे जाऊन चुकले होते. "सीट खाली केली का बसते ना भाऊ," म्हणे.

सीट खाली झाली, पण हँडल जवळ आलं नाही. फ्रेमची लांबी सीट खाली केल्याने कमी होत नसते. अर्ध्या तासात त्याच्या करंगळ्या बधिर व्हायच्या आणि मान भरून यायची. सिग्नल नाही की गर्दी नाही अशा रस्त्यावरही, ढोरं आडवी आली की त्याला सायकल तिरपी करून उतरावं लागायचं, कारण वरचा दांडा थेट जांघेत लागायचा. मग त्याने सीट पुढे सरकवली, गुडघे दुखायला लागले. हँडलचा स्टेम (हँडल सायकलीला जोडणारा तुकडा) आखूड टाकला, तर सायकल सरळ रेषेत राहीना. प्रत्येक वेळी नवा पार्ट, नवा खर्च आणि वाट बघणं. शेवटी ती पुसदच्या एका उंच मास्तरांनी घेतली, त्यांना ती अंगासारखी बसली. पोराला मात्र घेतल्या किमतीच्या निम्मेही मिळाले नाहीत.

माप घ्यायला पाच मिनिटं लागतात. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, एक जाड वही दोन्ही पायांच्या मधे धरून वर जांघेला घट्ट लागेपर्यंत न्या, वहीच्या वरच्या कडेला भिंतीवर खूण करा. जमिनीपासून खुणेपर्यंतचं अंतर गुणिले ०.६७ केलं की जुन्या पद्धतीच्या, आडव्या दांड्याच्या रोड फ्रेमचं माप सेंटिमीटरमध्ये मिळतं. अंतर ७६ सेंटिमीटर आलं तर फ्रेम ५१ च्या आसपास. त्याच अंतराला ०.८८३ ने गुणलं तर पायडलच्या मधल्या एक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची निघते, ७६ ला साधारण ६७ सेंटिमीटर. हल्ली वरचा दांडा उतरता असतो, तेव्हा कंपनीचा उंचीचा तक्ता बघा आणि दोन मापांच्या मधे अडकलात तर लहान घ्या. लहान फ्रेम थोडी वाढवता येते, मोठी कमी करता येत नाही.

तरीही नागपूरला जाऊन त्या मापाच्या सायकलवर बसल्याशिवाय पैसे देऊ नका. एसटीचं तिकीट दारव्ह्याच्या पोराला बसलेल्या फटक्यापेक्षा फार स्वस्त आहे.

खोक्यात आलेली सायकल घाईने जोडणे

ऑनलाइन मागवलेली सायकल अर्धवट जोडलेली येते. हँडल, पुढचं चाक, सीट आणि पायडल आपल्याला लावायचे असतात. पोरं खोकं फोडतात आणि मोटरसायकलच्या पान्याने तिथेच सुरू होतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पायडलच्या एक्सलवर 'एल' आणि 'आर' कोरलेलं असतं, ते कोणी बघत नाही. चुकीचा पायडल जोर लावून फिरवला की अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकचे (पायडल ज्यावर बसतो त्या दांड्याचे) आटे सोलून निघतात. मग तो क्रँक तालुक्याला मिळत नाही. पायडल आधी बोटांनी चार-पाच आटे फिरला पाहिजे. बोटांनी फिरत नसेल तर थांबा, पाना उचलू नका. आट्यांना आधी ग्रीस लावा.

चिमटा उलटा बसलेल्या सायकली मी रस्त्यावर धावताना बघितल्या आहेत. पुढचा ब्रेक रिमवर दाबणारा असेल तर तो चिमट्याच्या पुढच्या बाजूला दिसला पाहिजे. आणि काळ्या सायकलीच्या कॉटर पिनेवर चालणारी हातोडी इथे चालत नाही. या क्रँकला वेगळा पुलर लागतो, तो नसेल तर क्रँकला हात लावू देऊ नका.

डिस्क ब्रेक, शॉकअप आणि एकवीस गिअर

बारा-चौदा हजारात हे तिन्ही मिळत असेल तर तिन्ही हलक्या दर्जाचे असतात. सोडून द्या. गिअर किती आहेत हे मोजू नका, खालचा गिअर किती हलका आहे ते बघा. सपाट भागात काहीही चालतं, पण परतवाड्याहून चिखलदऱ्याला, साधारण ११०० मीटर उंचीवर चढायचं असेल तर पुढे ३४ आणि मागे किमान २८ दात हवेत, ३२ असले तर आणखी बरं.

साध्या रेंजर सायकलला वाकडं हँडल लावणे

याने रोड बाईक होत नाही. शिवाय तिच्या व्ही-ब्रेकला केबल जास्त ओढावी लागते आणि रोडच्या ब्रेक लिव्हरची ओढ कमी असते. लिव्हर हँडलला टेकतो तरी सायकल थांबत नाही. हे जिवावरचं आहे, करू नका.

जुनी सायकल फोटोवरून ठरवणे

टूर्नी, क्लॅरिस, सोरा ही शिमानो कंपनीच्या गिअर-संचांची नावं, स्वस्तापासून चढत्या क्रमाने. नव्या टूर्नीपेक्षा नीट वापरलेली जुनी क्लॅरिस किंवा सोरा मी केव्हाही घेईन. टूर्नीच्या रोड शिफ्टरमध्ये हँडलला खालून धरल्यावर अंगठ्याचं बटण हाताशी येत नाही. शिवाय अशा सायकलींना मागे बहुतेक वेळा आट्यांवर बसणारं फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) असतं. त्यात उजवीकडचं बेअरिंग फार आत बसतं, म्हणून वजनदार माणसाखाली एक्सल वाकतो. क्लॅरिस आणि त्याच्या वरच्यांत कॅसेट असते, म्हणजे चकत्यांचा संच हबवर सरकवून बसवलेला, तिथे हा त्रास नाही. पण जुनी घ्यायची तर हाताने तपासूनच.

सुताराची मोजपट्टी सोबत न्या. चेन ताणून एका पिनेच्या मध्यावर पट्टी ठेवा. चांगल्या चेनमध्ये चोविसावी पिन बरोबर बारा इंचावर येते. अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) पुढे गेली तर चेन बदलायची, त्याचे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. पूर्ण एक सूत पुढे गेली तर कॅसेटही गेली समजा, नवी चेन जुन्या दातांवर घसरत राहील. हँडलखाली जिथे वरचा आणि खालचा दांडा मिळतो तिथे बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा केसाएवढी चीर लागली तर सायकल धडकलेली आहे, परत फिरा. टिनाच्या शेडमध्ये दोन उन्हाळे उभ्या असलेल्या सायकलीचे टायर दिसायला नवे असतात, पण कडेला बोटाने दाबलं की बारीक भेगा उघडतात. ते बदलायचेच, त्याचेही पैसे धरा. चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराजवळ रिम डोलते का बघा. थोडा आऊट निघतो, पण रिम ब्रेकची असेल आणि बाजूला बोटाला खोलगट लागत असेल तर ती घासून संपली आहे. कार्बनची जुनी फ्रेम या बजेटमध्ये घेऊ नका. आतली चीर वरून दिसत नाही आणि ती दुरुस्त करणारा जवळपास नाही.

पैसे सायकल हातात आल्यावरच द्यायचे. समोरचा फोनवर सैन्यात बदली झाल्याचं सांगत असेल आणि पैसे घेण्यासाठी किंवा परत मिळवण्यासाठी क्यूआर कोड पाठवत असेल तर फोन ठेवा. पिन टाकली की पैसे आपल्या खात्यातून जातात, येत कधीच नाहीत. मूळ पावती मागा आणि दोन्ही पायडलच्या मधल्या एक्सलखाली फ्रेमवर ठोकलेला नंबर पावतीवरच्या नंबरशी जुळवून बघा. पावती नसेल तर साध्या कागदावर विकणाऱ्याची सही, तारीख आणि तो नंबर लिहून घ्या. लिहून द्यायला तो तयार नसेल तर सायकल कितीही चांगली असो, घेऊ नका.

ज्यांना अजूनही वाटतं की महाग सायकलशिवाय बीआरएम होणार नाही, त्यांनी हिशेब करून बघावा. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहा, जेवण आणि पंक्चर धरून ताशी पंधरा किलोमीटर. पंचवीस हजारांची, मापाची, बत्तीसच्या टायरची सायकल एवढं आरामात करते. त्यासाठी तीन-चार महिने रोज सकाळी बाहेर पडावं लागतं. ज्यांना ते नको असतं तेच महागड्या चाकांबद्दल जास्त विचारतात.