क्षच्या जागी सहा ठेवा : सातवीला बैजिक राशी शिकवताना

पहिल्या वर्षी बैजिक राशीची, म्हणजे संख्या आणि अक्षरं मिळून झालेल्या पदावलीची, किंमत काढण्याचा भाग मी एका तासिकेत उरकला. फळ्यावर 3क्ष + 5 लिहिलं, ‘क्षच्या जागी 4 ठेवा’ म्हटलं, 17 उत्तर काढून दाखवलं, घरी करायला दहा गणितं दिली आणि हात झटकले. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या. पहिलंच गणित होतं, 2क्ष + 1, क्ष = 6. उत्तर 13 यायला हवं. निम्म्या वह्यांत 27 होतं.

सुरुवातीला वाटलं, एकाने केलं आणि बाकीच्यांनी उतरवलं. मग लक्षात आलं की पोरांनी मी सांगितलं तेच अक्षरशः केलं होतं. ‘क्षच्या जागी 6 ठेवा’ म्हटल्यावर त्यांनी क्ष खोडला आणि 2 च्या शेजारी 6 ठेवला. झाले 26. त्यात 1 मिळवला. इतकी आज्ञाधारक मुलं पुन्हा कधी मिळाली नाहीत.

तुमच्या हाती यंदा नव्याने सहावी-सातवीचा वर्ग आला असेल, तर हे लिहिणं तुमच्यासाठी. मी लालबाग-परळ भागातल्या एका अनुदानित शाळेत शिकवते. किंमत काढणं हा बीजगणितातला सगळ्यात सोपा भाग समजला जातो आणि म्हणूनच तो सगळ्यात घाईत होतो. मी आता त्याला आठ तासिका देते. त्यातल्या पहिल्या दोन-तीन तासिकांत अक्षर येतच नाही.

(पुस्तकात इंग्रजी अक्षरं आहेत. मी इथे क्ष आणि य लिहिते आहे, आणि वर्गातही सुरुवात तशीच करते. इंग्रजी एक्स आणि गुणाकाराची फुली यांत गोंधळ करणारं एखादं पोर दरवर्षी निघतंच.)

आधी शब्दांबद्दल, कारण मराठीत इथे दोन सापळे आहेत. पहिला ‘किंमत’. एका मुलाने उत्तर लिहिलं होतं, ‘17 रुपये’. हसू नका. किंमत म्हणजे रुपयेच, हे तो बाजारात रोज ऐकतो. दुसरा ‘चल’, म्हणजे ज्याची किंमत बदलू शकते ते अक्षर. ‘चल म्हणजे काय?’ विचारल्यावर मागच्या बाकावरून ‘चल, निघूया’ आलं आणि वर्ग फुटला. हे उत्तर मी आता दरवर्षी वापरते: बरोबर, हा एका जागी बसत नाही, आज 6 आहे, उद्या 10 असेल. सेमीच्या, म्हणजे गणित इंग्रजीतून शिकणाऱ्या, वर्गात वेगळी अडचण. इव्हॅल्युएट (किंमत काढा), सिम्प्लिफाय (सोपं रूप द्या) आणि सॉल्व्ह (सोडवा) हे तिन्ही शब्द मुलांना सारखेच वाटतात. क्षची किंमत प्रश्नात छापलेली असताना राशीपुढे ‘= 0’ लिहून क्ष शोधत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. तेव्हा पहिल्याच दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते: क्ष दिलाय, शोधायचा नाही.

अक्षराआधीच्या तासिका जातात त्या कंचेभागुबेव, म्हणजे कोणती क्रिया आधी करायची ते लक्षात ठेवायचं सूत्र, दुरुस्त करण्यात. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. आपण सगळे त्यावरच वाढलो, पण त्याच्या शेपटीत गडबड आहे. फळ्यावर 12 – 5 + 3 लिहा आणि उत्तर विचारा. बरीच हुशार मुलं 4 सांगतील, कारण ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर, म्हणून 5 + 3 = 8 आणि 12 – 8 = 4. बरोबर उत्तर 10. बेरीज-वजाबाकीचा मान सारखा असतो, डावीकडून उजवीकडे जायचं असतं, हे त्या सहा अक्षरांत कुठेच नाही. या चुकीचं भांडं पुढे बैजिक राशीत फुटतं, आणि आपण म्हणतो की मुलाला बीजगणित येत नाही. त्याला येत नसते ती वजाबाकी.

यावरचा उपाय मला मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात झालेल्या कामातून मिळाला. तिथे राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी सहावीच्या मुलांबरोबर बीजगणिताच्या सुरुवातीवर बराच काळ काम केलं. त्यावरचा त्यांचा लेख 2012 सालचा आहे. त्यांचा भर पदांवर आहे. 12 – 5 + 3 ही क्रियांची रांग नाही, तर +12, –5 आणि +3 अशी तीन पदं आहेत. प्रत्येक पदाभोवती चिन्हासकट चौकट काढायची. 4 + 3 × 5 मध्ये चौकटी दोनच: एकीत +4, दुसरीत +3 × 5. आधी प्रत्येक चौकटीची किंमत, मग सगळ्या चौकटींची बेरीज. गुणाकार आधी का, हे वेगळं सांगावंच लागत नाही; तो चौकटीच्या आत अडकलेला दिसतो. एनसीईआरटीच्या सातवीच्या 2025 च्या पुस्तकातही आधी संख्यांच्या पदावल्या आणि पदं आहेत, अक्षरं त्यानंतर.

चौकटी हाताला बसल्या की मग क्ष आणायचा. 3क्ष एका चौकटीत, 5 दुसरीत. 3क्ष + 5 = 8क्ष करणारा हात इथे थोडा अडखळतो, कारण दोन चौकटी त्याला दिसत असतात.

आता 27 वाला प्रश्न. ‘जागी ठेवा’ हे शब्द मी वर्गातून हद्दपार केले. आम्ही ‘डबा’ म्हणतो. क्ष दिसला की आधी रिकामा डबा, म्हणजे रिकामा कंस काढायचा आणि मग तो भरायचा. वहीत तीन ओळी:

2क्ष + 1
2( ) + 1
2(6) + 1

मधली ओळ पोरांना कटकट वाटते. मी ती सोडू देत नाही. 2 आणि कंस यांच्यामध्ये गुणाकार आहे, हे मधल्या ओळीतच बोटाने दाखवता येतं. ऋण संख्या आल्या की हीच ओळ वर्ग वाचवते. 5 – 2क्ष घ्या, क्ष = –3. डबा न काढता लिहिलं तर 5 – 2 – 3 होतं आणि उत्तर 0. डब्यात भरलं तर 5 – 2(–3), म्हणजे 5 + 6, म्हणजे 11. पहिल्या चुकीत पोराला पूर्णांक संख्यांचे नियम तोंडपाठ होते, हे विसरू नका. त्याच्या वहीत गुणाकार उरलाच नव्हता, तर नियम लावायचा कुठे?

ऋण संख्यांवर दोन तासिका गेल्या तरी वाईट वाटून घेऊ नका. एक प्रश्न मी तोंडीच विचारते: –क्ष ही संख्या धन की ऋण? सगळा वर्ग ओरडतो, ‘ऋण!’ मग सांगते, क्ष = –3 घ्या. डबा काढा. –(–3). शांतता. त्या शांततेत तुम्ही बोलायचं नाही. माझा अनुभव असा की अर्धं मिनिट थांबलं की कुणीतरी पुटपुटतं, ‘बाई, तीन येतंय.’ त्यानंतर क्ष² आणि –क्ष² शेजारी-शेजारी मांडायचे. क्ष = –3 असताना एकाचं उत्तर 9, दुसऱ्याचं –9. आणि 2क्ष² मध्ये वर्ग फक्त क्षचा, दोनचा नाही: 2(–3)² म्हणजे 18, 36 नव्हे. इथेही 36 आणणारं पोर कंसाबाहेरचा 2 आधी गुणून टाकतं, म्हणून घातांक कुठल्या डब्याच्या डोक्यावर आहे ते बोलून घ्यायला लावते.

आता माझी फजिती, कारण ती तुमच्या वाट्याला येऊ नये. दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापिका पाठ पाहायला मागे येऊन बसल्या होत्या. कुणीतरी 2क्ष + 3 = 5क्ष केलं. मी थाटात म्हटलं, ‘बरं, किंमत ठेवून पाहू, दोन्ही बाजू सारख्या येतात का ते.’ आणि सोपी म्हणून क्ष = 1 घेतली. डावीकडे 5. उजवीकडे 5. ज्याचं उत्तर खोडायला निघाले होते त्याने बाक वाजवला. मुख्याध्यापिका खाली मान घालून काहीतरी लिहीत होत्या. काय ते मी अजून विचारलेलं नाही.

तेव्हा पडताळ्यासाठी 1 कधीच नाही. 0 नाही. 2 सुद्धा जपून, कारण क्ष = 2 असताना क्ष² आणि 2क्ष दोन्ही 4 येतात. 7 घ्या, 10 घ्या. क्ष = 10 ला 2क्ष + 3 म्हणजे 23 आणि 5क्ष म्हणजे 50; वादच संपतो. पुढे पुढे ती फजितीच मी गृहपाठ म्हणून द्यायला लागले: दोन राशी 1 ला सारख्या आल्या, म्हणून त्या सारख्या का? 2, 3, 4 ठेवून तक्ता करा. तक्ता केलेल्या पोराला 3(क्ष + 2) आणि 3क्ष + 6 दर ओळीत जुळताना दिसतात, आणि 2क्ष + 3 नि 5क्ष एका ओळीत भेटून लांब जाताना दिसतात.

उदाहरणांबद्दल थोडं. ‘3 वडापाव आणि 2 चहा म्हणजे 3व + 2च’ असं मीही शिकवायचे. सोडून दिलं. पोरं व म्हणजे वडापाव समजतात आणि मग ‘व = 18’ म्हटल्यावर अठरा वडापाव मोजतात. व म्हणजे एका वडापावची किंमत, म्हणजे संख्या, हे दर वेळी पूर्ण वाक्यात बोलायची तयारी असेल तरच ते उदाहरण घ्या.

माझं आवडतं उदाहरण टॅक्सीचं. आमच्या भागात रिक्षा नाहीत, त्यामुळे काळी-पिवळी सगळ्यांना माहीत. 1 फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये आणि पुढे दर किलोमीटरला 20.66 रुपये. क म्हणजे एकूण किलोमीटर धरले की राशी झाली 31 + 20.66(क – 1.5). क = 3.5 घेतलं तर कंसात 2, म्हणजे 31 + 41.32, म्हणजे 72.32, म्हणजे बहात्तर रुपये. गंमत बघा, इथे ‘किंमत’ खरोखर रुपयांत येते. मागच्या वर्षी एकाने विचारलं, ‘बाई, एकच किलोमीटर गेलो तर?’ मी म्हटलं, ठेवून बघ. त्याने डबा भरला. कंसात –0.5 आलं, वजा 10.33, उत्तर 20.67. ‘दहा रुपये वाचले की!’ त्याच्या शेजारच्याचे वडील टॅक्सी चालवतात. तो थंडपणे म्हणाला, ‘बस तर खरा, एकतीसच घेणार पप्पा.’ राशी कुठल्या किमतींसाठी लागू आहे, हा प्रश्न सातवीच्या पुस्तकात नाही. आमच्या वर्गात तो त्या दोघांनी अर्धी तासिका लढवला. धड्याची बाकी गणितं त्या दिवशी राहिली. राहू दिली.

किरकोळ गोष्टी. 3 × 4 = 12 + 5 = 17 अशी ‘बरोबर’ची आगगाडी लिहू देऊ नका; एका ओळीत एकच बरोबर, आणि ओळी एकाखाली एक. लालबागसारख्या भागात शाळा असेल तर हा धडा गणपतीच्या तोंडावर उघडू नका. सुट्टीत पोरं दिवसरात्र रस्त्यावर असतात आणि परत येतात तेव्हा डबा म्हणजे फक्त खाण्याचा डबा उरलेला असतो. कंटाळलेल्या तासिकेला भास्कराचार्य काढा: बाराव्या शतकात ते अज्ञात संख्यांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक म्हणायचे, म्हणजे पहिलं सोडलं तर चक्क रंगांची नावं. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायचे. एक दिवस क्षऐवजी ‘नी’ लिहायला द्या, 3नी + 5. मुलींनी निळ्या पेनने लिहिलं होतं.

आणि घटक चाचणी. दोन गुणांच्या प्रश्नात मी एक गुण डबा बरोबर भरण्याला ठेवते आणि एक उत्तराला. कुणाचं पदांचं वाचन चुकतंय आणि कुणाची नुसती आकडेमोड, हे तपासताना वेगळं दिसतं. ऋण किमतीचा प्रश्न पहिला घालू नका; पहिल्याच प्रश्नाला अडकलेलं पोर पुढची सोपीही सोडतं. तो तिसरा-चौथा ठेवा. 2क्ष + 1 मात्र मी दरवर्षी पहिलाच ठेवते, क्ष = 6 घेऊन. यंदा 27 दोघांचंच आलं.