मित्राशी सिनेमा आणि मालिकांबद्दल मनापासून बोलायचे असेल तर

आवडत्या सिनेमांचा विषय निघाला की बहुतेक वेळा दोघांकडून नावांची देवाणघेवाण सुरू होते. एकाने नाव घ्यायचे, दुसऱ्याने "मस्त आहे" म्हणायचे, मग दुसऱ्याने नाव घ्यायचे आणि पहिल्याने "तोही भारी आहे" अशी पावती द्यायची. अर्ध्या तासात पंधरा सिनेमे हातावेगळे होतात, पण त्यांतल्या एकाबद्दलही धड बोलणे झालेले नसते, आणि मित्राला नेमके काय भावते हे आपल्याला पूर्वीइतकेच अंधुकपणे ठाऊक राहते. यावरचा माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय असा की, सिनेमा कसा वाटला हे विचारण्याऐवजी त्यातला कोणता प्रसंग लक्षात राहिला हे विचारावे.

अविनाश अरुण यांचा २०१५ साली प्रदर्शित झालेला 'किल्ला' घ्या. वडील गेल्यानंतर आईची बदली होते आणि शाळकरी चिन्मयला कोकणातल्या अनोळखी गावात यावे लागते, एवढीच त्याची गोष्ट आहे. "कसा वाटला?" असे विचारले तर "छायाचित्रण सुंदर आहे" हे उत्तर येते आणि तिथेच संपते. पण "तुला त्यातले काय आठवते?" असे विचारले तर मित्र भर पावसात किल्ल्यात एकट्या पडलेल्या मुलाबद्दल बोलू लागतो, आणि थोड्या वेळाने, कोणी न विचारता, वडिलांच्या बदल्यांमुळे आपल्याला सोडाव्या लागलेल्या शाळांविषयीही सांगतो. तो तिथवर आला की आपण फक्त ऐकावे. दिग्दर्शकानेच या सिनेमाचे छायाचित्रणही केले आहे, ही माहिती चांगली आहे आणि सांगण्याजोगीही आहे, पण ती मित्राचे बोलणे पूर्ण झाल्यावर सांगितली तर तिचा उपयोग होतो. मधेच सांगितली तर त्याचा धागा तुटतो.

मतभेद झाला की खरी कसोटी लागते. समजा, आपल्याला चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' फार आवडतो आणि मित्र म्हणतो की तो अतिशय संथ आहे, अर्ध्यातच बंद केला. अशा वेळी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला मिळालेला पुरस्कार किंवा राष्ट्रीय पुरस्कार पुढे करण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण पुरस्कारांची नावे ऐकून कोणाचा कंटाळा कधी नाहीसा होत नाही. उलट आपल्याला सिनेमातले कळत नाही, असे समोरच्याला वाटून तो गप्प बसतो. त्यापेक्षा कंटाळा नेमका कुठे आला हे कुतूहलाने विचारावे. तो बहुधा म्हणेल की कॅमेरा एकाच जागी उभा राहतो आणि काही घडतच नाही. हे निरीक्षण बरोबरच आहे, आणि ते मान्य करूनच पुढे जावे. कॅमेरा आपल्याला कोणाकडे पाहायचे हे दाखवत नाही, त्यामुळे न्यायालयातल्या गर्दीत आपली नजर आपणच फिरवायची असते, हा आपला अनुभव त्याला सांगावा. मग त्यातला एखादा प्रसंग समोर ठेवावा. खटल्यातले आरोपी शाहीर नारायण कांबळे यांच्याविरुद्ध कायद्याची कलमे एकसुरात वाचून दाखवणारी सरकारी वकील काम संपवून निघते, मुलाला घेऊन घरी जाते आणि स्वयंपाकाला लागते. गीतांजली कुलकर्णी यांनी ही भूमिका केली आहे. हे घर आपल्याला दाखवलेच नसते, तर न्यायालयात उभ्या असलेल्या त्या बाईबद्दल आपले मत काय झाले असते? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्याच्या उत्तरावर दोन मित्र तासभर बोलू शकतात, आणि सिनेमा शेवटी आवडला की नाही हा मुद्दा तोवर मागे पडलेला असतो.

आपला आवडता सिनेमा मित्राला आवडला नाही की वाईट वाटते, हे खरे आहे. ते मोकळेपणाने बोलून दाखवायला हरकत नाही, मात्र त्याचे मन वळवण्याचा हट्ट धरू नये.

शेवट सांगावा की नाही, याविषयी माझे मत ठाम आहे: विचारल्याशिवाय सांगू नये, सिनेमा कितीही जुना असला तरी. जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' १९८२ सालचा आहे, पण आज पंचविशीत असलेल्या अनेकांनी तो पाहिलेला नसतो. स्मिता पाटील यांनी साकारलेली सुलभा महाजन घर आणि लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून परगावी जाते, इथपर्यंत सांगितले तरी चर्चेला भरपूर वाव मिळतो. तिने जायला हवे होते का, घरच्यांनी तिला कसे वागवले, त्या जागी पुरुष असता तर हाच प्रश्न कोणी विचारला असता का, हे सगळे शेवटाला हात न लावता बोलता येते. मित्राने पाहिला आहे की नाही हे आधी विचारून घ्यावे, आणि त्याने "सांग, मला फरक पडत नाही" असे म्हटले तरी एकदा पुन्हा विचारावे.

मालिकांची गोष्ट वेगळी आहे. सिनेमा आपण तीन तासांत पाहून मोकळे होतो, मालिका मात्र महिनोन् महिने घरात येत राहते, म्हणून तिच्याबद्दल बोलताना कथानकाइतकाच त्या काळातल्या घराचाही विषय निघतो. कोणासोबत पाहायचास, जेवणे मालिकेच्या आधी व्हायची की नंतर, वीज गेली तर हुकलेला भाग कोणाकडून कळायचा, असे प्रश्न इथे अधिक उपयोगी पडतात. 'आभाळमाया' आणि 'वादळवाट' या दोन्ही मालिकांची शीर्षकगीते अशोक पत्की यांनी संगीतबद्ध केली होती, आणि कित्येकांना त्यांतली पात्रे विसरली तरी ती चाल पाठ असते. मित्राला आधी चाल गुणगुणायला लावावी. कथा त्यामागून आपोआप आठवू लागते.

मित्र वयाने बराच मोठा किंवा लहान असेल, तर दोघांच्या ओळखीचा एखादा कलाकार शोधावा. दिलीप प्रभावळकर हे याचे उत्तम उदाहरण आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाले, आणि त्यावरच्या मालिकेतला त्यांचा चिमणराव ज्यांनी पाहिला ते आज आजोबांच्या वयाचे आहेत. त्यानंतरच्या पिढीला ते 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबा म्हणून माहीत आहेत, आणि हिंदी सिनेमे पाहणाऱ्यांना 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी म्हणून. एकाच माणसाच्या चालण्याबोलण्यात या तीन भूमिकांमध्ये काय बदलले, हे प्रत्येकाने आपापल्या आठवणीतून सांगितले की वयाचे अंतर गप्पांच्या आड येत नाही.

ओटीटीवरच्या मालिकांचे अनेकदा सगळे भाग एकदमच येतात, त्यामुळे दोन मित्र सहसा एकाच भागापाशी नसतात. त्यावर सोपा तोडगा असा की, कोण कुठवर पोहोचला आहे हे आधीच सांगून टाकावे आणि जो मागे आहे त्याच्या भागापर्यंतच बोलावे.

गप्पांना खोली यावी असे वाटत असेल तर सिनेमाचे दोन भाग करून पाहावेत. नागराज मंजुळे यांच्या २०१६ सालच्या 'सैराट'बद्दल बोलताना पूर्वार्ध जवळचा वाटला की उत्तरार्ध, एवढेच विचारावे. गाण्यांचा जोर पूर्वार्धात आहे, तर नायक-नायिका हैदराबादेत गेल्यावर सिनेमाचा सूर पार बदलतो, आणि मित्र कोणत्या बाजूला उभा राहतो यावरून तो सिनेमाकडून काय मागतो हे कळते. भाषेचाही विषय इथे अवश्य काढावा. त्यातली बोली सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा भागातली आहे, आणि पुण्यामुंबईच्या मित्राला काही शब्द पहिल्यांदा कळलेले नसतात. त्या बाजूचा कोणी गप्पांत असेल तर त्याला बोलू द्यावे, कारण आपली बोली मोठ्या पडद्यावर ऐकताना काय वाटले, हे दुसरा कोणी सांगू शकत नाही.

शेवटी काहीतरी सुचवायची वेळ येते. तेव्हा एकच नाव सुचवावे. दहा नावांची यादी पाठवली तर त्यातले एकही पाहिले जात नाही. त्या नावासोबत ते याच मित्राला का सुचवत आहोत हे सांगावे, आणि किती वेळ काढावा लागेल हेही सांगावे. 'सैराट' जवळजवळ तीन तासांचा आहे, तो रात्री अकराला सुरू करायला सांगू नये. मनावर ओझे टाकणारा सिनेमा असेल तर तशी कल्पना द्यावी, विशेषतः मित्र नुकताच एखाद्या दुःखातून गेला असेल तेव्हा. त्यानंतर "पाहिलास का, पाहिलास का" असा तगादा लावू नये. तो पाहून झाल्यावर स्वतःहून फोन करील, तेव्हा त्याला आधी विचारावे, कोणता प्रसंग लक्षात राहिला.