कुत्र्याला कॅटनिप देताय? या चुका टाळा

माझं पशुखाद्याचं दुकान आहे. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी, कुत्रा प्रवासात नि फटाक्यांत शांत राहावा म्हणून, गल्ल्यावर एक प्रश्न हमखास येतो, "भाऊ, कुत्र्याला कॅटनिप चालतं का?"

चालतं. पुदिन्याच्या कुळातलं झाड आहे, त्याचा वाळका पाला चिमूटभर धडधाकट कुत्र्याच्या पोटात गेला तर काही बिघडत नाही. विषय इथेच संपायला हवा. पण त्यानंतर लोक जे उद्योग करतात, त्यासाठी हे लिहावं लागतंय.

पहिला उद्योग म्हणजे मांजराचे व्हिडिओ बघून कुत्र्याकडून तसल्याच तमाशाची वाट बघणं. कॅटनिपमधलं नेपेटालॅक्टोन हे वासाचं द्रव्य मांजराच्या नाकाला लागतं, मग ते दहा-पंधरा मिनिटं लोळतं, गाल घासतं. तेही प्रत्येक मांजर नाही, तीनातलं एक ढुंकूनही बघत नाही. बिबट्यालाही ही नशा होते म्हणतात ती खरी आहे, तो मांजराच्याच कुळातला. कुत्रा नाही. काही कुत्री पाला खाल्ल्यावर जरा सुस्तावतात, बाकीची हुंगतात आणि निघून जातात. मग मालक चिडतो. एका चिमटीने काही होईना म्हणून अख्खी पुडी भातात कालवतो आणि रात्रभर उलट्या-जुलाब पुसत बसतो. घाई कुणाला होती? कुत्र्याला तर नव्हती.

दुसरा उद्योग आपल्याकडचा खास. अडीचशे-तीनशे रुपयांची पुडी परवडत नाही, म्हणून "देशी कॅटनिप" शोधायचं. एक पोरगा खोकली मुळासकट उपटून, पिशवीत भरून दुकानात घेऊन आला. खोकली म्हणजे तीच, पावसाळ्यात बांधावर, भिंतीच्या कडेला उगवते ती. पिशवी गल्ल्यावर ठेवायचा अवकाश, पोत्यांवर झोपलेली आमची मांजर उठली आणि मातीसकट त्या मुळांवर लोळायला लागली. पोरगा खूश, "बघा, हेच!" हो बाबा, खोकलीच्या मुळावर मांजर जीव टाकतं, हे खरंच आहे. पण मांजराला मूळ आवडलं म्हणून ते कुत्र्याच्या पोटात घालायचं, हे कुठलं गणित? ही वेगळ्याच कुळातली वनस्पती, कॅटनिपशी तिचं काही नातं नाही. मूळ मांजराला ठेवून घेतलं, पोराला परत पाठवलं.

बडीशेपेचंही तेच. कुत्र्यांचं कॅटनिप म्हणून जिचं नाव घेतात ती अ‍ॅनिस, आपल्या बडीशेपेची चुलत बहीण. वास सारखा. साध्या बडीशेपेचे चार दाणे कुत्र्याने खाल्ले तर हरकत नाही. साखर लावलेली रंगीत बडीशेप नको, आणि चक्रीफूल, म्हणजे इंग्रजीतलं स्टार अ‍ॅनिस, तर नकोच. नाव नि वास जुळला तरी झाड निराळं.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या आसपास. ओळखीतलं एक कुटुंब लग्नाला अमळनेरहून चोपड्याला निघालं, सोबत तीन वर्षांचा लॅब्राडोर. गाडीत तो धिंगाणा घालतो म्हणून निघताना कॅटनिप दिलं. एसी बिघडलेला, काचा अर्ध्या उघड्या, वाटेत चहाला थांबले तेव्हा कुत्रा गाडीतच. थोड्या वेळाने मला फोन, "भाऊ, तुमनं औषध लागू पडनं. आते शांत व्हई गया."

मी विचारलं, जिभेचा रंग बघा. "लाल आहे, गडद." लाळ? "चिकट, तारा लोंबताहेत." हाक मारल्यावर बघतो का? पलीकडे गप्प.

तो शांत झाला नव्हता, त्याला ऊन लागलं होतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो, आणि तापलेल्या गाडीत धापा टाकून टाकून थकला की आडवा पडतो. फोनवरच सांगितलं, सावलीत काढा, पोटावर, मांड्यांमध्ये, पंजांवर नळाचं पाणी ओता, पुठ्ठ्याने वारा घाला, आणि हे करतच डॉक्टर गाठा. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला तेव्हा १०६ फॅरेनहाइट. कुत्र्याचं नेहमीचं १०१ ते १०२.५. सलाइनवर वाचला तो. पुडीची त्यात काही चूक नव्हती. "औषध दिलंय" म्हटल्यावर कुणी त्याच्याकडे वळून बघितलं नाही, एवढंच.

तेव्हापासून माझी सवय अशी: मे महिन्यात कुत्र्याला घेऊन निघायचं तर पहाटे पाचला, ओला पंचा आणि थर्मामीटर सोबत. पाला-बिला काही नाही. दिवाळीत फटाके सुरू झाले की आतल्या खोलीत घेतो, खिडक्या लावतो आणि कूलर जोरात सोडतो. आमच्या कूलरची खडखड सुतळी बॉम्बलाही दाबते.

कॅटनिपच्या तेलाच्या बाटलीला हात लावू नका. पाला वेगळा, काढलेलं तेल वेगळं, थेंबाथेंबाला जहाल. गोचिडांवर म्हणून अंगालाही चोळू नका, गोचिडाचं औषध डॉक्टरांकडून घ्या. गाभण कुत्रीला अजिबात नाही.

कॅटनिप भरलेले कापडी उंदीर मांजरासाठी बनवतात. मांजर ते चाटतं. कुत्रा फाडतो, कापूस आणि घुंगरू गिळतो, आतडं तुंबतं, आणि लोक सांगत येतात की कॅटनिप बाधलं.

गेल्या हिवाळ्यात एकाने अर्धा तास माझं डोकं खाल्लं: किती ग्रॅम, किती वाजता, जेवणाआधी की नंतर. सगळं वहीत लिहून घेतलं. शेजारी त्याचा डबा उघडा, भरीत-भाकरी. बोलता बोलता कांद्याची पात आणि लसूण घातलेलं भरीत भाकरीच्या तुकड्याला लावून कुत्र्यापुढे टाकलं. म्हटलं, भाऊ, कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, ते आधी वहीत लिहा. तो म्हणाला, "पण त्याले आवडस ना!"