कुत्रा दोरी ओढतो? फिरवताना या चुका टाळा

संध्याकाळी पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, कुत्री फिरवायला येणाऱ्यांमध्ये एक दृश्य हमखास दिसते: दोरी ताणलेली, कुत्रा धापा टाकत पुढे आणि मालक त्याच्यामागे ओढला जात असलेला. कुत्रा हट्टी आहे, असे मालक सांगतात. माझ्या मते मात्र ओढण्याचा हा धडा त्याला आपणच रोज देत असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे दोरी ताणलेली असतानाही चालत राहणे. कुत्र्याला एखाद्या वासाकडे जायचे असते, तो ओढतो, आपण चार पावले त्याच्यामागे जातो आणि त्याला हवे ते मिळते. म्हणजे ओढले की पोहोचता येते, हे त्याच्या मनात पक्के होते. म्हणून दोरी ताठ होताच जागच्या जागी थांबावे. ओरडू नये, मागे खेचू नये. त्याने वळून पाहिले किंवा तो एक पाऊल मागे आला की दोरी सैल पडते, आणि त्याच क्षणी पुढे निघावे. पहिल्या आठवड्यात फाटकापासून रस्त्यापर्यंत पोहोचायलाच दहा मिनिटे लागली, तरी ती लागू द्यावीत.

चार दिवस नियम पाळायचा आणि पाचव्या दिवशी घाईत सोडून द्यायचा, हे तर अधिकच घातक, कारण कधीतरी यश मिळते हे कळलेला कुत्रा दुप्पट चिकाटीने ओढतो. घरातील प्रत्येकाने एकच नियम पाळावा. ज्या दिवशी वेळ नसेल, त्या दिवशी गळपट्ट्याऐवजी पाठीवर कडी असलेला हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) घालावा, म्हणजे शिकवणीची वेळ वेगळी आणि नुसते फिरणे वेगळे, हे त्याला साजावरून समजते.

दोरीला हिसका देणे ही दुसरी चूक. गळ्याला ताण बसला की कुत्रा त्याविरुद्ध आणखी जोर लावतो, शिवाय श्वासनलिकेला इजा होऊ शकते. फास बसणारी साखळी आणि खिळ्यांचा पट्टा तर घरात आणूच नये. छातीवर कडी असलेल्या हार्नेसने ओढ बरीच कमी होते, पण शिकवण्याचे कष्ट त्याने वाचत नाहीत. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी सतत किंचित ताणलेली राहते. म्हणून शिकवताना दीड ते दोन मीटरची साधी दोरीच घ्यावी.

आता जागेविषयी. कोकणातल्या हर्णैच्या बंदरासारख्या ठिकाणी, जिथे मासळीचा लिलाव चालतो आणि वाळूवर मासळी सुकत असते, तिथे नवख्या कुत्र्याने आपल्याकडे लक्ष द्यावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. सुरुवात खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात करावी. ते जमले की दोन गडग्यांमधली (दगडी कुंपणांमधली) पाणंद, म्हणजे अरुंद वाट, घ्यावी, कारण तिथे दोन्ही बाजू बंद असतात. मग गावचा रस्ता, आणि शेवटी पुळण, तीही पहाटेची, माणसे येण्याआधीची. एखाद्या टप्प्यावर बिघडले, तर मागच्या टप्प्यावर परतण्यात कमीपणा नाही. पुळणीवर दोरी सैल ठेवायला शिकवण्याचे आणखी एक कारण आहे: लाटांबरोबर आलेला केंड मासा विषारी असतो, आणि ओढत सुटलेला कुत्रा तो आपल्याआधी गाठतो.

खाऊ म्हणून उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे उत्तम. सुक्या मासळीत मीठ फार असते, ती देऊ नये. खाऊ आपल्या पायाशेजारी, गुडघ्याजवळ द्यावा. समोर धरला तर कुत्रा आडवा येऊ लागतो. दोरी सैल ठेवून तो झाडापर्यंत आला, तर त्याला मनसोक्त हुंगू द्यावे. हुंगणे हे त्याच्यासाठी खाऊइतकेच मोलाचे असते. सराव एका वेळी पाच ते दहा मिनिटे पुरतो.

वाडीतली कुत्री दिसताच आपला कुत्रा ताठ होत असेल, तर तो ताठ होण्याआधीच वळून अंतर वाढवावे. एप्रिल-मे महिन्यांत दमट हवेमुळे धापा टाकूनही कुत्र्याचे अंग लवकर निवत नाही, म्हणून सराव पहाटेच उरकावा; हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवता येत नसेल, तर तो रस्ता त्याच्या पंजांसाठीही तापलेला आहे. पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवर (दगडी पायवाटेवर) ओढणारा कुत्रा माणसाला पाडू शकतो. त्या दिवसांत सराव पडवीत करावा.

नीट चालणारा कुत्रा अचानक ओढू लागला किंवा मागे राहू लागला, तर आधी बोटांच्या बेचक्यांत गोचीड किंवा कालवाच्या शिंपल्याने झालेली जखम आहे का ते पाहावे, आणि काही न सापडल्यास पशुवैद्याला दाखवावे.