एएचयूला थ्री-वे व्हॉल्व्ह लावताना कुठे घोळ होतो

एएचयू म्हणजे एअर हँडलिंग युनिट, त्याच्या कॉइलमधून थंड पाणी फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा मारून रूम गार करतो. किती पाणी कॉइलमधून जायचं आणि किती बायपासने, म्हणजे कॉइल टाळून, हे थ्री-वे व्हॉल्व्ह ठरवतो. तो लावणं अवघड नाहीये, अवघड आहे तो कुठल्या बाजूने लावायचा हे फिटरला पटवणं. बॉडीवर ए, बी आणि एबी अशी तीन तोंडं लिहिलेली असतात. मिक्सिंगवाल्यात ए आणि बी मधून पाणी आत येतं आणि एबी मधून बाहेर जातं, डायव्हर्टिंगमध्ये बरोबर उलटं. बाजारात ग्लोब टाइपमध्ये (आत बुचासारखा प्लग वर-खाली होऊन सीटवर बसतो) बहुतेक मिक्सिंगच मिळतो आणि तो डायव्हर्टिंगसारखा सप्लायवर, म्हणजे कॉइलकडे जाणाऱ्या लाइनवर, लावला की बंद व्हायच्या जवळ आला की पाण्याचा जोर प्लगला सीटवर आपटतो, टकटक आवाज सुरू होतो आणि सगळे पंपाला शिव्या घालत बसतात.

म्हणून मिक्सिंग व्हॉल्व्ह रिटर्न लाइनवर लावायचा. कॉइलमधून येणारी लाइन ए ला, बायपास बी ला, एबी मुख्य रिटर्नला. कॉइलमधला फ्लो तसाच कंट्रोल होतो, काही फरक पडत नाही. व्हॉल्व्हच्या आधी स्ट्रेनर (गाळणी) हवाच, नवीन लाइनमध्ये वेल्डिंगची कचकच किती असते ते फ्लशिंग करताना दिसतंच.

साइज पाइपवरून काढू नका प्लीज. समजा 10 टन कूलिंगचा एएचयू आहे, पाणी 7 डिग्रीला येतं आणि साडेबाराला परत जातं, तर फ्लो होतो साधारण 5.5 घनमीटर प्रति तास. व्हॉल्व्हवर 0.3 बार ड्रॉप (दाबातली घट) धरला तर 5.5 भागिले 0.3 चं वर्गमूळ, म्हणजे केव्हीएस (व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना 1 बार ड्रॉपला ताशी किती घनमीटर पाणी जातं तो आकडा) 10 आला. लाइन 2 इंची असली तरी एवढ्या केव्हीएसचा व्हॉल्व्ह बऱ्याच मेकमध्ये 25 एमएमचा असतो. छोटा दिसतो म्हणून क्लायंट कुरकुर करतो, करू दे, 50 एमएमचा टाकला तर थोडासा उघडला की कॉइल फुल्ल गार आणि वरची सगळी स्ट्रोक फुकट.

बायपासवर बॅलन्सिंग व्हॉल्व्ह (फ्लो अडवून सेट करायचा व्हॉल्व्ह) सगळे विसरतात. कॉइलमध्ये जेवढा ड्रॉप आहे तेवढा बायपासमध्येही यायला हवा, नाहीतर रूम गार झाली की पाणी मोकळ्या बायपासने धो धो पळतं आणि टोकाच्या एएचयूला मिळतच नाही.

अ‍ॅक्च्युएटर (व्हॉल्व्ह उघड-बंद करणारी मोटर) 24 व्होल्ट एसीचा असेल तर 230 चा फेज चुकून लावला की गेलाच. सिग्नल 0-10 व्होल्ट असेल तर त्याचा कॉमन (समाईक वायर) आणि सप्लायचा कॉमन एकच ठेवायचा, दोन ट्रान्सफॉर्मर असतील तर तिथेच गोंधळ होतो. मोटर व्हॉल्व्हच्या वर किंवा फार तर आडवी, खाली कधीच नाही, थंड बॉडीवरचं पाणी गळून थेट मोटरमध्ये जातं. बॉडीला इन्सुलेशन करा पण मोटर झाकू नका.

चालू करताना 0, 5, 10 व्होल्ट देऊन स्टेम (प्लगची दांडी) कुठे जातो ते बघा, उलटा जात असेल तर डिप स्विच (मोटरवरचं दिशा बदलायचं छोटं बटण) फिरवा, पाइप तोडू नका. मग कॉइल बंदचा सिग्नल ठेवून, ब्लोअर चालू ठेवून कॉइलच्या आउटलेटचं थर्मामीटर बघत बसा, हळूहळू चढायला पाहिजे. तरीही गारच राहिलं तर सीटमध्ये कचरा अडकलाय किंवा ए-बी अदलाबदल झालीय.

आणि हो, सेकंडरी पंपाला (एएचयूंना पाणी पाठवणाऱ्या) व्हीएफडी, म्हणजे पंपाचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, असेल तर सगळीकडे थ्री-वे घालू नका, फ्लो कमीच होत नाही मग व्हीएफडीचा उपयोग काय. टू-वे (बायपास नसलेला) घाला, फक्त लाइनच्या शेवटच्या एखाद्या एएचयूला थ्री-वे ठेवा म्हणजे पंपाला किमान फ्लो मिळत राहील.