बर्फावर जाण्याआधी डोळ्यांची तयारी

हिमांधत्व म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, कॉर्नियाला, अतिनील किरणांनी बसलेला चटका. तो बसताना अजिबात कळत नाही. दुखणं साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतं, म्हणजे दिवसभर चालून तंबूत आडवं झाल्यावर. ‘डोळे चुरचुरायला लागले की गॉगल लावू’ हा हिशेब इथे चालतच नाही, आणि म्हणून ही यादी घरीच पुरी करायची.

पहिली वस्तू अर्थातच गॉगल. काच किती काळी आहे यावरून ती अतिनील किरण अडवते की नाही हे कळत नाही, त्यामुळे ‘यूव्ही ४००’ ही खूण पाहा. मग काडीच्या आतल्या बाजूला छापलेली कॅटेगरी वाचा. कॅटेगरी ३ ची काच ८ ते १८ टक्के दृश्य प्रकाश आत सोडते, कॅटेगरी ४ ची फक्त ३ ते ८ टक्के. हिमनदी आणि उंच शिखरांसाठी ४ घ्या. मात्र ती लावून गाडी चालवायची नाही, रस्त्यावर ती फार काळी पडते.

काचेइतकंच महत्त्व बसण्याला आहे, आणि दुकानात नेमकं तेच पाहायचं राहून जातं. ताज्या बर्फावरून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण उलटे फिरतात, म्हणजे मारा खालूनही होतो. टोपीची झडप वरचं ऊन अडवेल, खालचं नाही. टोपी, हेल्मेट, तोंडावरचा बफ (गळ्यातून वर ओढायची कापडी नळी) असं सगळं चढवून आरशासमोर उभे राहा. गालाशी, नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि कानशिलापाशी उजेडाची फट दिसली तर बाजूच्या झापा असलेला किंवा चेहऱ्याला वळसा घालणारा दुसरा गॉगल शोधा. मानेमागून दोरी हवीच. वाऱ्यात हातातून सुटलेला गॉगल परत मिळत नाही.

चष्मा असेल तर नंबराच्या काचांचा गॉगल करून घ्या, नाहीतर चष्म्यावरून बसणारा मोठा स्नो गॉगल. कॉन्टॅक्ट लेन्सवर ‘यूव्ही’ लिहिलेलं असलं तरी ती गॉगलची जागा घेत नाही, कारण डोळ्याचा पांढरा भाग आणि पापण्या उघड्याच राहतात.

आता धुकं धरण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण लोक गॉगल काढतात ते बहुतेक याच कारणाने. बफमधून वर येणारा श्वास आणि कपाळाचा घाम काचेच्या आत साचतो. त्यामुळे बफ नाकाखाली ठेवून श्वासाला वाट द्या, हवेची छिद्रं बर्फाने बुजू देऊ नका आणि चढावर गॉगल कपाळावर सरकवू नका. तिथे तो घामाने लगेच ओला होतो. स्नो गॉगलच्या आतली बाजू रुमालाने घासली तर धुकं रोखणारा थर निघून जातो, म्हणून झटकायची किंवा मऊ कापडाने अलगद टिपायची. तरीही धुकं धरलंच तर थांबा, पाठ उन्हाकडे करा, डोळे मिटून गॉगल बदला.

बदलायला दुसरा हवा, तर दुसरा प्रत्येकाजवळ हवा, आणि तो पहिल्यापेक्षा वेगळ्या पिशवीत. वादळासाठी फिकट काचेचा, पण पूर्ण यूव्ही अडवणारा स्नो गॉगलही घ्या. उजेड कमी झाला की माणसं काळा गॉगल काढून तसंच चालत राहतात, आणि पातळ ढगांतून बहुतांश अतिनील किरण खाली येतच असतात. दर हजार मीटर उंचीला त्यांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते. निघण्याच्या आदल्या दिवशी तुकडीतल्या प्रत्येकाचे गॉगल समोर ठेवून तपासा: वाटाड्यांचे, स्वयंपाक्यांचे, ओझं वाहणाऱ्यांचे सुद्धा. त्यांच्याकडे नसतील तर ते पुरवणं ही मोहिमेचीच जबाबदारी आहे.

खडकावर आहोत, बर्फ पायाखाली नाही, म्हणूनही गॉगल उतरवू नका. ब्रिटिश गिर्यारोहक एडवर्ड नॉर्टन ४ जून १९२४ रोजी एव्हरेस्टच्या उत्तर बाजूने सुमारे ८,५७० मीटरपर्यंत पोचले. खडकाळ भागात त्यांनी गॉगल काढला होता. त्या रात्री त्यांची दृष्टी गेली आणि पुढचे जवळपास अडीच दिवस त्यांना दिसत नव्हतं.

पाण्याच्या बाटलीभोवती दोन मीटर चिकटपट्टी गुंडाळून ठेवा. गॉगल फुटला तर पुठ्ठ्याच्या पट्टीला प्रत्येक डोळ्यासमोर दोन-तीन मिलिमीटर उंचीची आडवी चीर पाडून ती डोक्याला बांधता येते. उत्तर ध्रुवाकडचे इनुइट लोक हाडाचे, लाकडाचे असेच चिरेचे चष्मे वापरत आले आहेत. नजरेचा आवाका मात्र फार कमी होतो, त्यामुळे हिमनदीतल्या भेगांच्या भागात दोराशिवाय पाऊल टाकू नका.

औषधांच्या पाकिटात प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू, एकदाच वापरायच्या दहा-पंधरा कुप्या, आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या दहा-दहा गोळ्या, स्वच्छ गॉझ, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं डोळ्याचं प्रतिजैविक मलम. थेंब गोठू नयेत म्हणून आतल्या खिशात ठेवा. डोळा बधिर करणारे थेंब घेऊ नका: दोन मिनिटांत आराम पडतो, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा टाकतो, आणि जखम भरणं लांबतं. स्टेरॉइडचे थेंब डोळा तपासल्याशिवाय कधीच नाहीत.

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागलं, पाणी वाहू लागलं, उजेड सोसेना, की अंधारात जा. हात धुऊन लेन्स काढा, कण अडकलाय का ते पाहा, डोळे चोळू नका. ओल्या थंड कापडाची घडी मिटलेल्या पापण्यांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. बर्फ थेट लावू नका, कातडी गोठते. दर एक-दोन तासांनी अश्रूंचे थेंब टाका. प्रौढांनी काहीतरी खाऊन मग आयब्युप्रोफेनची गोळी घ्यायची, दर आठ तासांनी एक. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार किंवा अंगातलं पाणी फार कमी झालेलं असेल तर त्याऐवजी पॅरासिटामॉल. डोळे घट्ट बांधून जखम लवकर भरत नाही, आणि लेन्स वापरणाऱ्याचे तर बांधूच नयेत, संसर्ग आत कोंडला जातो.

जागा सुरक्षित असेल तर तिथेच थांबा. बहुतेकांचे डोळे एक ते तीन दिवसांत पूर्ववत होतात. हलावंच लागलं तर ऊन नसताना, आखूड दोराने जोडीदाराला बांधून, प्रत्येक पाऊल सांगत. एकाच डोळ्याला त्रास, पू, बुबुळावर पांढरा ठिपका, ४८ तासांनंतरही सुधारणा नाही, किंवा दुखल्याशिवायच नजर अंधुक झालेली, असं काही असेल तर ते साधं हिमांधत्व धरू नका. उंचीवर डोळ्याच्या आतल्या पडद्यातही रक्तस्राव होतो. अशा माणसाला खाली उतरवून नेत्रतज्ज्ञाकडे न्या.